चालू बालमालिकेत खलनायकी नवा गडी आणताना: कथेपासून चित्रीकरणापर्यंत

सुपरहिरो मुलांच्या टोळीची मालिका पहिले दहा-बारा भाग झकास चालते. मग संकटं तीच ती वाटायला लागतात आणि कुणीतरी म्हणतं, एक नवा व्हिलन आणू. दुसऱ्या दिवशी त्याचा झगा शिवायला टाकला जातो, मग मुखवटा, मग मारामारी बसवली जाते आणि गोष्ट सगळ्यात शेवटी लिहिली जाते. मालिका बिघडते ती या उलट्या क्रमामुळे. नवा गडी किती ताकदवान आहे याला फारसा अर्थ नाही. टोळीत आधीपासून असलेल्या कुठल्या फटीत तो बोट घालतो, त्यावर सगळं उभं राहतं. म्हणून आधी फट, मग माणूस, मग पोशाख.

शाळा, हौशी नाट्यसंस्था आणि यूट्यूबवर बालमालिका करणारे छोटे गट यांच्यासाठी हा क्रम मांडला आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक मालिका घेऊ: सांगलीजवळच्या हरिपूरची ‘संगम टोळी’. तेजस वेगवान आणि टोळीचा म्होरक्या. गौरीचा पाण्यावर ताबा. पिंकीच्या अंगात दहा जणांचं बळ. सलीम मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराचा मुलगा, त्याला कोसभर लांबचा आवाज ऐकू येतो. भाग ११ मिनिटांचा. बारा भाग झाले आहेत आणि नवा गडी तेराव्यात येणार आहे.

## टप्पा १: जुन्या भागांची वही

बारा भाग म्हणजे सव्वादोन तासांचा ऐवज. थांबत थांबत पाहायला एक रविवार पुरतो. लेखक आणि दिग्दर्शक दोघांनी एकत्र बसून पाहा आणि दोनशे पानी वहीत प्रत्येक भागासाठी एक पान ठेवा. पानावर चार रकाने आखा:

१. कुणाची शक्ती कुठे थांबली
२. कोण कुणावर नाराज झालं आणि ती नाराजी मिटली का
३. कुणी कुणाला काय शब्द दिला
४. टोळीचं कुठलं गुपित कुणाला माहीत आहे

चौथा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच गोत्यात येतात. टोळीचा अड्डा कुठे आहे हे चौथ्या भागात गौरीच्या आजीला कळलेलं असतं. चौदाव्या भागात नवा गडी अड्डा शोधायला वणवण फिरतो. घरी बसलेली आठ वर्षांची मुलगी लगेच विचारते, “आजीला का नाही विचारत?” मुलं एकेक भाग पाच-सहा वेळा बघतात. त्यांची आठवण लेखकापेक्षा पक्की असते.

तपासा: वही मिटा आणि मालिका नियमित पाहणाऱ्या एखाद्या मुलाला दहा प्रश्न विचारा. त्याला आलेलं उत्तर वहीत नसेल, तर वही अपुरी आहे.

## टप्पा २: फट शोधा, नवी पाडू नका

आता फक्त दुसरा रकाना वाचा. न मिटलेली नाराजी कुठे आहे? आपल्या नमुन्यात ती सातव्या भागात आहे. पूल हादरतोय हे सलीमने सर्वांत आधी ऐकलं होतं. तेजसने त्याला “थांब रे, नंतर सांग” म्हणून गप्प केलं. पुढे संकट टळलं, सगळ्यांनी तेजसची पाठ थोपटली, आणि सलीमचं म्हणणं बरोबर होतं हे कुणी बोललंच नाही.

ही फट सोन्यासारखी आहे, कारण प्रेक्षक मुलांनी ती पाहिलेली आहे. घरात, वर्गात, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये असं गप्प बसवलं जाणं त्यांच्याही वाट्याला आलेलं असतं.

नव्या गड्यासाठी मुद्दाम नवं भांडण रचू नका. आजवर गळ्यात गळे घालून फिरणारी गौरी आणि पिंकी तेराव्या भागात अचानक एकमेकींवर ओरडू लागल्या, तर खापर लेखकावरच फुटतं. बारा भाग धुंडाळूनही फट सापडली नाही, तर नवा गडी चार भाग पुढे ढकला. त्या चार भागांत बारीकशी फट पेरा: एखादी विसरलेली कबुली, कुणाला न मिळालेलं श्रेय. फट जेवढी घरगुती, तेवढी चांगली.

## टप्पा ३: तीन वाक्यांत गडी

खलनायकाबद्दल फक्त तीन वाक्यं लिहा. चौथं लिहावंसं वाटलं, तर पहिल्या तिनातलं एक फसलेलं आहे असं समजा.

- त्याला काय हवं आहे? विहान, म्हणजेच ‘सावट’, याला टोळी मोडून सलीमचे कान आपल्या कामाला जुंपायचे आहेत.
- त्याला काय जमतं? एकदा ऐकलेला कुणाचाही आवाज तो हुबेहूब काढतो.
- त्याचं कुठे अडतं? सतत लागून राहिलेला सूर कानावर पडला, की त्याच्या तोंडून दुसऱ्याचा आवाज निघत नाही.

“त्याला जग जिंकायचं आहे” हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही. जग जिंकणं मुलांना दाखवता येत नाही. मित्र पळवणं दाखवता येतं.

तिसऱ्या वाक्यावर सर्वांत जास्त वेळ घाला. खलनायकाचं अडणं प्रेक्षकांना शेवटच्या झुंजीआधी दोनदा दिसलं पाहिजे, तेही त्याकडे बोट न दाखवता. नमुन्यात पहिली वेळ सलीमच्या घरची. त्याचे वडील तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा सूर खुलवणारी जुळणी, बघत बसले आहेत. तारा टेकतात त्या घोडीवर तारेखालचा सुती दोरा ते नखाने केसभर सरकवतात. इतका वेळ बसका येणारा आवाज एकदम खुलतो आणि खोलीभर गुंजारव पसरतो. दाराशी उभा विहान तेवढ्यात तेजसच्या आवाजात काहीतरी बोलायला जातो, आणि अडतो. खोकल्याचं निमित्त करून बाहेर पडतो. बस. यावर कुणीही काही बोलायचं नाही. कॅमेरा दोऱ्यावर चार सेकंद, विहानच्या गळ्यावर दोन सेकंद. दुसरी वेळ पिठाच्या गिरणीच्या घरघरीत ठेवा, म्हणजे अडचण तानपुऱ्यापुरती नाही, लागून राहिलेल्या सुराची आहे, हे चाणाक्ष मुलांच्या ध्यानात येईल.

सावधान: खलनायकाला काळा रंग, लंगडणं, चेहऱ्यावर व्रण, तोतरेपणा, कानडी हेल किंवा खेडवळ बोली देऊ नका. वर्गात त्या रंगाचं, त्या बोलीचं मूल बसलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला ‘सावट’ म्हणून हाक पडते. विहान टोळीतल्या इतर मुलांसारखाच दिसला-बोलला पाहिजे. गोष्टीलाही त्यानेच जोर येतो, कारण त्याला ओळखता येत नाही.

## टप्पा ४: पाच भागांचा आराखडा

१९९३ मध्ये ‘पॉवर रेंजर्स’मध्ये हिरवा रेंजर आला तो सलग पाच भागांच्या प्रकरणात. आधी दुष्ट चेटकिणीच्या मंत्राखाली टोळीवर उलटला, मंत्र तुटल्यावर टोळीत सामील झाला. पाच भाग ही मोजणी मुलांच्या मालिकेला मानवते. तीन भागांत मैत्री जमत नाही, त्यामुळे दगा टोचत नाही. आठ भाग ताणलं तर टोळी मूर्ख दिसायला लागते.

भाग १३, येणं. विहान शाळेत नवा आला आहे. ११ पैकी दोन-अडीच मिनिटांपेक्षा जास्त दिसायला नको. त्याने एकच काम करायचं: सलीमचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. मालिकेत हे आजवर कुणी केलेलं नाही. भागाचं मुख्य संकट मात्र नेहमीसारखं, वेगळंच ठेवा.

भाग १४, जिंकणं. तो टोळीला खरोखर मदत करतो. मदत खोटी नको. तिच्यामुळे कुणीतरी वाचलंच पाहिजे. तानपुऱ्याचा प्रसंग इथे. भागाच्या शेवटच्या वीस सेकंदांत तो एकटा असताना गौरीच्या आवाजात हसतो. प्रेक्षकांना कळलं, टोळीला नाही.

हे गुपित किती लवकर फोडायचं यावर गटागटांत वाद होतात. प्रेक्षक सहा ते आठ वर्षांचे असतील, तर चौदाव्या भागाच्या शेवटी फोडाच. या वयाची मुलं कोडं सुटलं नाही तर गोंधळतात, पण “अरे, त्याच्यावर विश्वास ठेवू नको!” असं पडद्याकडे बघून ओरडायला त्यांना अतिशय आवडतं. दहाच्या पुढची मुलं असतील, तर पंधराव्याच्या अर्ध्यापर्यंत लांबवता येतं. त्यापुढे नको.

भाग १५, फाटणं. विहान तेजसच्या आवाजात फोन करतो: “सलीमला नको घ्यायला, तो नुसता घाबरवतो.” सलीमला ते ऐकू जाईल अशी सोय त्याने केलेली असते. जुनी फट आता उघडी पडते. गिरणीचा प्रसंग याच भागात. सलीम टोळी सोडतो. इथे एक काळजी घ्या: सलीम वेडा दिसता कामा नये. त्याच्या जागी कुणीही गेलं असतं, असं प्रेक्षकाला वाटलं पाहिजे.

भाग १६, उघड होणं. टोळी हरते. अर्धवट नाही, साफ हरते. बरेच गट इथे कच खातात आणि शेवटच्या मिनिटात टोळीला सावरून घेतात. तसं केलं, तर सतराव्या भागाला काही उरत नाही.

भाग १७, निस्तरणं. आधी तेजस सातव्या भागाबद्दल सलीमची माफी मागतो, मग झुंज. हा क्रम उलटा करू नका. झुंज आधी झाली की माफी शेपटासारखी मागे लोंबकळते आणि संकलनात पहिली तीच कापली जाते. झुंजीत तानपुरा वाजतो, सावटाचा गळा बंद होतो, आणि सलीमने ओळखलेल्या दिशेला चौघं जातात.

तपासा: पाचही भागांतून खलनायकाची सगळी मारामारी काढून टाका आणि उरलेली गोष्ट कुणाला तरी सांगून बघा. ऐकणाऱ्याने “मग पुढे?” विचारलं, तर आराखडा पक्का झाला.

संहितेत एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट. ११ मिनिटांसाठी साडेदहा पानं आणि आठ-नऊ प्रसंग पुरेत. बालकलाकाराचं एक वाक्य बारा शब्दांच्या आत ठेवा. सावटाला लांब राक्षसी हसू आणि “तुमचा अंत जवळ आला आहे” छापाची भाषणं देऊ नका. तो मऊ बोलतो, हीच त्याची धार.

## टप्पा ५: पोशाख आणि मुखवटा

पोशाखाला आत्ता हात लावा, आधी नाही.

रंग निवडताना टोळीचे चारही पोशाख आणि नव्या कापडाचा तुकडा शेजारी ठेवून फोनवर कृष्णधवल फोटो काढा. नवा तुकडा त्यात वेगळा उठून दिसला पाहिजे, नाहीतर मारामारीच्या प्रसंगात कोण कुणाला मारतंय ते कळत नाही. मागे हिरवा पडदा लावून चित्रीकरण होणार असेल, तर पोशाखात हिरवा धागाही नको.

छाती-खांद्याच्या चिलखताला ५ मिमी जाडीचा ईव्हीए फोम, खांद्याच्या कडांना १० मिमी. आधी वर्तमानपत्राचा साचा कापा, मुलाच्या अंगावर लावून बघा, मग फोम कापा. कटरचं पातं नवं हवं. बोथट पात्याने कड फाटते. जोडायला रबर सोल्युशन दोन्ही कडांना लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेना झालं की कडा एकमेकांवर दाबा. ओल्यावर दाबलं, तर पहिल्याच उडीला जोड सुटतो, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ या घाईतच असतं. जोडल्यावर हीट गन फिरवून फोमची छिद्रं बंद करा. मग तीन भाग फेव्हिकॉल आणि एक भाग पाणी याचे तीन हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळला पाहिजे. त्यावर ॲक्रेलिक रंग. थेट फोमवर रंग दिला तर तो पिऊन टाकला जातो आणि वाकवल्यावर भेगा पडतात. सोल्युशन आणि हीट गनचं काम मोठ्यांनीच, खिडक्या उघड्या ठेवून करायचं.

सावधान: झग्याला गळ्याशी गाठ किंवा दोरी नको. दोन्ही खांद्यांवर तीन-तीन इंचांची वेल्क्रोपट्टी लावा, म्हणजे झगा कुठे अडकला तर ओढीसरशी सुटून येतो. मुखवटा पूर्ण चेहरा झाकणारा नको. नाक-तोंड मोकळं ठेवून डोळ्यांपुरता करा आणि बाजूचं दिसतं का, हे मुलाला चालवून बघा. एप्रिल-मेच्या सांगलीच्या उन्हात फोमचं चिलखत सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त अंगावर ठेवू नका.

## टप्पा ६: जागा, परवानगी, मुलांचे तास

सावटाचा अड्डा म्हणून हरिपूरचं हळद साठवायचं पेव कुणालाही सुचेल. जमिनीखालची अंधारी, तोंडाशी अरुंद जागा. दिसायला याहून चांगला अड्डा मिळणार नाही. पण खऱ्या पेवात मुलांना उतरवू नका, मोठ्यांनीही उतरू नका. बंद पेवात प्राणवायू कमी झालेला असतो आणि माणूस आत गेल्यावर भोवळ येईपर्यंत त्याला ते कळत नाही. खरं पेव फक्त बाहेरून, मालकाला विचारून, तोंड झाकलेलं असताना टिपा. आतला भाग खोलीत उभारा: प्लायवूडचं अडीच फूट व्यासाचं कडं, ते टेबलांवर आडवं, खाली चारही बाजूंनी मातकट रंगाचं गोणपाट, वरून एकच दिवा. कॅमेरा जमिनीवर ठेवून वर बघितलं की पेव खरं वाटतं. हळदीची धूळ हवी म्हणून हळद उधळू नका. डोळ्यांत आणि लेन्समध्ये जाते.

नदीकाठचे प्रसंग नोव्हेंबर ते मे यांतच उरका. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. पण कॅमेऱ्यासाठी घाट त्याच्या कितीतरी आधी निसरडा झालेला असतो. पुलावर चित्रीकरण करायचं तर वाहतूक पोलिसांची लेखी परवानगी लागेल. त्यापेक्षा पूल लांबून मागे दिसेल अशी जागा बघा, दृश्यही चांगलं येतं. दंडोबाच्या डोंगरावर जायचं असेल, तर आधी वनखात्याशी बोला.

मुलांच्या कामाचे नियम पाठ करा. १४ वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार निर्मात्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमती, दर पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस आणि मुलाच्या कमाईच्या किमान २० टक्के रकमेची त्याच्या नावावर मुदतठेव, हे सगळं लागतं. मालिका शाळेचा विनामोबदला उपक्रम असेल, तरी तासांची मर्यादा तीच ठेवा.

## टप्पा ७: चित्रीकरणाचा क्रम

पाच भागांचे प्रसंग सुटे करून तीन गठ्ठे करा आणि याच क्रमाने घ्या:

१. मैत्रीचे प्रसंग. नवा कलाकार आणि टोळीची मुलं यांची ओळख खरोखर होऊ द्या. सलीम-विहानचे प्रसंग पहिल्या दोन दिवसांत.
२. दगा आणि भांडण. यांच्या आधी मुलांना संपूर्ण गोष्ट सांगा, शेवटासकट. रडू खरं यावं म्हणून मुलाला अंधारात ठेवणं किंवा खरोखर दुखावणं कदापि करू नका.
३. मुखवट्यातली झुंज. सगळ्यात शेवटी, कारण पोशाख इथेच फाटतो.

झुंज आठ-आठ मोजण्यांच्या तुकड्यांत बसवा. आधी चालत, मग निम्म्या वेगाने, मग पूर्ण वेगाने. दोघांत हातभर अंतर कायम. ठोसा लागल्याचा भास कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवून येतो. उडी दोन फुटांपेक्षा उंचावरून नको आणि खाली गादी हवीच. दमलेल्या मुलाकडून “अजून एकदा” घेतलेल्या प्रसंगातच मुरगळतं.

तपासा: दिवसाअखेर प्रत्येक कलाकाराचा पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून तारखेसह ठेवा. प्रसंग उलटसुलट घेतल्यामुळे पट्टी कुठल्या मनगटावर होती, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

## टप्पा ८: चोरलेले आवाज

विहान तेजसच्या आवाजात बोलतो, ते वाक्य तेजसच्या कलाकाराकडूनच बोलवून घ्या. विहानच्या कलाकाराला नक्कल करायला लावू नका, त्याचा आवाज यंत्राने तेजससारखाही करू नका. दोन्ही खोटं वाटतं. विहानचे ते क्षण पाठमोरे, सावलीत किंवा फोन तोंडाशी धरलेले असे घ्या, म्हणजे ओठ जुळवण्याची कटकट राहत नाही.

मग एक खूण द्या. संकलनात चोरलेल्या प्रत्येक आवाजाची पट्टी फक्त अर्ध्या स्वराने खाली आणा. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येणार नाही. दुसऱ्यांदा बघणारं मूल मात्र टुणकन उडी मारून म्हणेल, “हा तेजस नाही!” खूण पाचही भागांत एकसारखी पाहिजे. एके ठिकाणी राहून गेली, की सगळा खेळ फसला.

तानपुरा मात्र खऱ्या वाद्याचा ध्वनिमुद्रित करा. खोलीतला पंखा बंद, माइक घोडीपासून फूटभर.

## टप्पा ९: कच्चं संकलन मुलांपुढे

सात ते अकरा वयाची आठ-दहा मुलं बसवा. मालिकेतल्या कलाकारांची भावंडं नकोत, ती सगळं आवडलं म्हणतात. पाचही भाग दाखवा आणि फक्त तीन प्रश्न विचारा: विहानला काय हवं होतं? सलीम का गेला? सावटाचा आवाज का बंद पडला?

पहिल्या प्रश्नाला अडखळली तर तेराव्या-चौदाव्या भागात दुरुस्ती. दुसऱ्याला “सलीम वाईट आहे म्हणून” असं उत्तर आलं, तर सातव्या भागाची दहा सेकंदांची आठवण पंधराव्यात टाका. तिसऱ्याचं उत्तर कुणालाच आलं नाही, तर गिरणीचा प्रसंग लांबवा. मुलं कुठे चुळबुळ करतात, कुठे पाणी प्यायला उठतात, ते घड्याळ लावून लिहून ठेवा. तिथे कापायचं.

## टप्पा १०: प्रकरण संपल्यावर

विहानचं पुढे काय करायचं? तो निघून जाऊ शकतो किंवा टोळीत येऊ शकतो. टोळीत घ्यायचा असेल, तर सतराव्याच भागात मिठी मारून मोकळे होऊ नका. त्याने मोडलेलं काहीतरी त्यालाच दुरुस्त करायला लावा आणि त्याला निदान दोन भाग द्या. पिंकीचा त्याच्यावर आणखी काही भाग विश्वास नसावा; ते खरं वाटतं.

टोळीत आल्यावर त्याची शक्ती थोडी कमी करा. हे केलं नाही, तर पुढच्या प्रत्येक संकटात तोच भाव खाऊन जातो आणि जुने चौघं मागे उभे राहून टाळ्या वाजवतात. आवाज चोरण्याला अट घाला: ज्याचा आवाज, त्याने हो म्हटलं तरच. शीर्षकगीतात त्याला अठराव्या भागापासून घ्या, तेही ओळीच्या शेवटी, सलीमच्या शेजारी. आणि वहीत त्याच्या नावाचं पान सुरू करून त्यावर चारही रकाने आखून ठेवा.